बावीस बायांचा गुत्ता

चंद्रभागाबाईच्या तोंडाला सुट्टी म्हणून नाही. सकाळी डोळा उघडला की बाई बोलायला लागते, ती रात्री डोळा मिटेपर्यंत. झोपेत काय बोलते ते सेवकरामला विचारा. नवराच तिचा, तो ऐकून ऐकून इतका निबर झाला आहे की आता फक्त मान हलवतो. पण बोलणाऱ्या बाईला कुणी रिकामटेकडी समजाल तर पस्तावाल. ती बावीस रोवणाऱ्या बायांची मुखिया आहे. भातलावणीचा हंगाम, धानाचा रोवणा, आला की सानगडीकडचे शेतकरी तिच्या दारात येऊन बसतात, आणि ती गुत्ता घेते. म्हणजे इतक्या बांध्या, इतकी धानाची खाचरं आमची, इतक्या दिवसांत रोवून देऊ, तुम्ही फक्त चहा पाठवा आणि मधे मधे करू नका. अकरा वर्षांत तिनं एक गुत्ता अर्धवट टाकलेला नाही.

टोळीचा नियमच तसा कडक. बांधीत उतरायचं तर सगळ्यांनी, आणि ओळ पुरी झाल्याशिवाय एकीनंही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढायचं नाही. पायाला जळू लागली तरी? लागली तरी. आधी ओळ, मग जळू.

तर जानेवारीच्या शेवटाला, उन्हाळी धानाचे रोवणे ऐन जोरात असताना, दामिनी मॅडम तिच्या दारात आली. ही गावच्या उपकेंद्रातली नवी आरोग्य अधिकारी. मूळची भंडाऱ्याजवळच्या शहापूरची, वय अठ्ठावीस, स्कूटीवर बसली की सगळं गाव बाजूला होई, कारण तिचा ब्रेक कधी लागेल याचा तिलाही भरवसा नव्हता. दीड महिना ती घरोघर फिरली होती, की बायांनो, तीस वर्षं झाली की दरवर्षी एकदा तपासून घ्या, बीपी, साखर, तोंड, छाती, गर्भाशयाचं तोंड, काही पैसे लागत नाहीत. दीड महिन्यात तिच्याकडे तीन बाया आल्या. त्यातली एक रेशनच्या दुकानाचा पत्ता विचारायला आली होती.

शेवटी गावच्या आशा सेविकेनं, आशाताईनंच, तिला सांगितलं, की बाया पाहिजेत तर चंद्रभागाबाईला भेटा.

"काकी," दामिनी म्हणाली, "मला बाया पाहिजेत."

"सगळ्यायलेच पाहिजेत बाई सध्या," चंद्रभागाबाई म्हणाली. "कितल्या?"

"जितक्या देता येतील तितक्या. पण तीस वर्षांच्या वरच्या."

"शाबास! तुले समजते. कवळ्या पोरी नुसत्या मोबाईल पाहत राह्यतात. कवा?"

"शुक्रवारी, सकाळी सातला, उपकेंद्रावर. आणि काकी, सगळ्यांनी उपाशीपोटी यायचं."

"उपाशी? म्हंजे नाश्ता तुह्याकडं. आलुबोंडे लागतीन, सांगून ठेवतो. अन् चहा दोनदा."

"देईन!" दामिनीच्या आवाजाला एकदम पंख फुटले. "आलुबोंडे देईन, चहा तीनदा देईन!"

"अन् मधात कोण्या पुरुषानं येऊन कटकट नाही करायची."

"पुरुषांना मी दारातसुद्धा उभं करणार नाही!"

आता मात्र चंद्रभागाबाई खूश झाली. असा मालक तिला अकरा वर्षांत भेटला नव्हता. "मंग ऐक," ती म्हणाली, "बावीस बाया देतो तुले. काम पुरं झाल्याशिवाय त्यातली एकही घरी जाणार नाही. बावीस म्हंजे बावीस, माह्यासकट. जबान आहे माही."

"तुमच्यासकट!" दामिनीनं तिचे दोन्ही हात धरले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्रभागाबाईला वाटलं, बिचारीचे पऱ्हे, धानाची रोपं, रोवण्यावाचून वाळत असतील.

बांधी कुठे, किती, पाणी किती, हे काहीच तिनं विचारलं नाही. शहापूरची पोर आहे, बापानं इकडे शेती ठेक्यानं घेतली असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. एरवी ही बाई बांधीत पाय बुडवून पाहिल्याशिवाय गुत्ता घेत नाही. पण गेले चार महिने तिचं मन अर्धंच जागेवर होतं, आणि त्याचं कारण तिच्या तोंडात होतं.

डाव्या गालाच्या आत, जिथे ती वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून ठेवत आली, तिथे एक पांढरा चट्टा आला होता. दसऱ्याच्या दिवशी आरशात दात पाहताना तिला तो पहिल्यांदा दिसला. नखाएवढा होता. तिनं बोटानं घासला, मिठानं घासला, तो गेला नाही. मग तिनं आरसा पाहणं सोडलं आणि खर्रा उजव्या गालात टाकायला लागली. चट्टा दुखत नव्हता, खुपत नव्हता, नुसता जिभेला खरबरीत लागायचा. दुखत नाही तर दाखवायचं काय, असं ती दिवसा स्वतःला समजवायची. आणि जीभ आपली दिवसातून शंभरदा तिथे जाऊन यायची. तिच्या मामेबहिणीला असंच झालं होतं. तिचा अर्धा गाल काढला, आणि तरी ती वर्षभरात गेली. चंद्रभागाबाईला मरणाची भीती वाटत होती, साधी सरळ भीती. म्हणूनच तिनं हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सात वाजता बावीस बाया उपकेंद्रासमोर हजर. साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, डोक्याला फडकी, कमरेला खर्र्याच्या पुड्या. दामिनीनं दारावर रांगोळी काढली होती. आत तालुक्याहून आलेली एक नर्सबाई यंत्रं मांडत होती.

"हं मॅडम," चंद्रभागाबाई कंबर कसून म्हणाली, "कुठं आहे बांधी?"

"कसली बांधी?"

"रोवायची."

"रोवायचं काय, काकी?"

मग दामिनीनं हळूच भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. टोळीतल्या शाळा शिकलेल्या गुड्डीनं, ही चंद्रभागाबाईची सून, तो मोठ्यानं वाचला. बीपी, साखर, तोंडाची तपासणी... 'तोंडाची' म्हटल्याबरोबर चंद्रभागाबाईची जीभ डाव्या गालात गेली.

"चाला व," ती वळली, "काहीतरी गफलत झाली. बाबूलालशेठची वरची बांधी खोळंबली आहे, आपण तिकडं जाऊ."

"अशी कशी जाऊ?" सत्यभामाबाई म्हणाली. ही तिच्या शेजारची, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या टोल्यावर, या वस्तीत आल्या, आणि तेव्हापासून छत्तीस वर्षं एकमेकींशी भांडत आल्या. "तू जबान देली ना? बावीस बाया म्हणून देली ना? अकरा वर्षांत पहिला गुत्ता तोडतं का?"

"हा का गुत्ता होय?"

"काम कोणतं बी असू दे, गुत्ता थो गुत्ता," सत्यभामाबाई म्हणाली. तेवढ्यात मागच्या खोलीतून आलुबोंड्यांचा वास आला. तपासणी झाल्यावरच मिळतील, असं दामिनीनं जाहीर केलं. झालं. एकवीस बाया दारातून आत घुसल्या.

चंद्रभागाबाईनं मनात हिशेब जमवला. एकवीस होऊ देत, आपण मुखिया आहोत, आपण देखरेख करायची. देखरेख करणाऱ्याला कोण तपासतो? ती खुर्ची टाकून दारात बसली आणि नावं पुकारायला लागली.

आणि मग जी मजा सुरू झाली! सुईनं बोट टोचायचं म्हटल्यावर, पायाची जळू हातानं ओढून फेकणाऱ्या बाया "मायवं" करून किंचाळल्या. टोळीतली रीता बीपीचा पट्टा फुगला तशी ओरडली, की हात सुटला, हात सुटला! सत्यभामाबाई बाहेर आली ती विजयी मुद्रेनं.

"एकशे अठ्ठावन्न!" तिनं जाहीर केलं. "तुह्या सुनेचा कितला?"

"एकशे दहा," गुड्डी म्हणाली.

"बस? खात नाहीस का व काही?"

"माहा एकशे चाळीस!" आतून कुणी ओरडलं.

"मीच पहिली!" सत्यभामाबाईनं पदर झटकला. बाकीच्या बाया हिरमुसल्या. दोघी तिघींनी आपलं पुन्हा मोजा म्हणून रांग लावली, एक तर बीपी वाढावा म्हणून अंगणाला दोन चकरा मारून आली. दामिनी धावत बाहेर आली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मावशी, जास्त असणं चांगलं नाही! तुम्हाला गोळ्या सुरू कराव्या लागतील, पुन्हा दोन दिवस येऊन मोजावा लागेल!"

"पहिली आली त गोळ्या देते काय?" सत्यभामाबाई म्हणाली. पण तिचा चेहरा जरा उतरला. डोकं गरगरतं ते उन्हानं, असं ती दोन वर्षं समजत होती.

पडद्यामागच्या तपासणीला पहिली कुणी जाईना. मग गुड्डी गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "तीन लेकरं झाली आपल्याले, अन् एवढ्याशा गोष्टीले लाजून राहिलो!" त्यावर इतक्या बाया हसल्या की नर्सबाईनं आतून शांत व्हायला सांगितलं. मग एक एक करत सगळ्या गेल्या. ज्या हसत गेल्या त्या गप्प बाहेर आल्या, ज्या रडवेल्या गेल्या त्या हसत आल्या, आणि आलुबोंड्यांचा पहिला घाणा संपला.

साडेअकरा वाजता दामिनीनं वहीत पाहिलं. "एकवीस झाल्या. आता काकी, तुम्ही."

"मी? मी तं देखरेखीले आहे."

"'माह्यासकट बावीस' म्हणाला होतात तुम्ही."

"म्हशीले पाणी पाजायचं राहिलं," चंद्रभागाबाई उठली. "मी आलीच."

"सेवकरामभाऊ म्हैस घेऊन बोडीवर गेले, म्या आत्ताच पाह्यलं," सत्यभामाबाई म्हणाली.

चंद्रभागाबाईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पळाली.

छप्पन वर्षांची बाई, पण काय पळाली! उपकेंद्राचं फाटक, आशाताईचे भाजीचे वाफे, बोडीची म्हणजे लहान तळ्याची पाळ, सगळं ओलांडून बाबूलालशेठच्या बांध्यांच्या धुऱ्यावर. मागे एकवीस बाया, कुणाच्या हातात अर्धा आलुबोंडा, आणि सगळ्यांच्या मागे हातात बॅटरी घेऊन दामिनी. "काकी, धावू नका, तुमचा बीपी अजून मोजायचा आहे!" ती ओरडत होती. बोडीवर म्हैस धूत असलेल्या सेवकरामनं आपली बायको समोरून जाताना पाहिली, मग तिच्या मागून सगळी टोळी जाताना पाहिली, आणि सवयीप्रमाणे मान हलवली.

धुरा ओला होता. चंद्रभागाबाईचा पाय सरकला आणि ती चिखल केलेल्या बांधीत, मधोमध, गुडघ्यापर्यंत रुतून उभी राहिली. मागच्या बाया थांबल्या. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्या एका ओळीत बांधीत उतरल्या, आणि एकवीस जणींची ओळ, जशी रोवायला पुढे सरकते, तशी सावकाश तिच्याकडे यायला लागली.

"घरी जा व!" चंद्रभागाबाई ओरडली. "माहं काही दुखत नाही!"

"कोणाचंच दुखत नव्हतं," सत्यभामाबाई म्हणाली. "आम्ही तपासलं नाही काय? आं कर."

चंद्रभागाबाईनं ओठ घट्ट दाबून घेतले. छत्तीस वर्षांत सत्यभामाबाईनं तिचं तोंड असं बंद पाहिलं नव्हतं. आणि तेव्हा तिला कळलं, की ही तपासणीला भीत नाही, ही तोंड दाखवायला भिऊन राहिली आहे. मग तिनं स्वतःचंच तोंड उघडलं. पुरतं, आ करून.

"पाह्य," ती तसंच बोलली, "तीन दाढा नाही माह्या. लाजून राहिली काय मी?"

मग रीतानं तोंड उघडलं. गुड्डीनं उघडलं. बघता बघता चिखलात एकवीस बाया तोंडं वासून उभ्या, कुणाचे दात लाल, कुणाचे काळे, एकीच्या तोंडात अजून आलुबोंडा. वरून बगळे उडाले. धुऱ्यावर दामिनीची एक चप्पल चिखलात गेली, ती एका पायावर नाचत म्हणाली, "अवो माय, तुम्ही सगळ्या कायले आं करून राहिल्या, तुमचं तं झालं!"

शिकून आणलेली सगळी शुद्ध भाषा एका वाक्यात निघून गेली. चंद्रभागाबाईनं ती नाचणारी पोर पाहिली, ती वासलेली तोंडं पाहिली, आणि तिला हसू फुटलं. दाबलं तरी दबेना. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, तोंड पुरं उघडून ती हसली. दामिनीनं संधी सोडली नाही. झाप् झाप् चिखल तुडवत आली आणि बॅटरीचा झोत थेट आत टाकला.

हसू हळूहळू थांबलं. दामिनीनं झोत डाव्या गालावर धरून ठेवला. चंद्रभागाबाईनंही तोंड मिटलं नाही आता.

"काकी, कवापासून आहे हे?"

"दसऱ्यापासून."

"चार महिने!" सत्यभामाबाईचा आवाज फाटला. "चार महिने तू हे गालात घेऊन फिरली अन् मले नाही सांगतलं? पापडाले मीठ कमी पडलं त मले सांगाले येतं, अन् हे नाही सांगत!" आणि ती भर बांधीत रडायला लागली. मग चंद्रभागाबाईही रडली, आणि दोघींना धरायला बाकीच्या पुढे झाल्या तर तिघी चौघी आडव्या पडल्या. उपकेंद्रात परत आलेल्या बावीस चिखलमाखल्या बायांना पाहून नर्सबाईनं यंत्रं उचलून कपाटात ठेवली.

दामिनीनं तिला सगळं समजावलं, खोटा धीर न देता. चट्टा लवकर दिसला आहे, पण तो काय आहे ते तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. भंडाऱ्याला जावं लागेल. सोमवारी ती भंडाऱ्याला गेली. सोबत सत्यभामाबाई गेली, गुड्डी गेली, सेवकराम गेला. रुग्णालयाच्या बाकावर सेवकराम पहिल्यांदा बोलला. "तुही बडबड बंद झाली त घरात करमणार नाही मले," तो म्हणाला. चंद्रभागाबाईनं त्याला इतकं मोठं वाक्य बोलताना लग्नातही ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी गालातला तुकडा काढला. खर्रा त्याच दिवशी बंद. पुढचे दहा दिवस तिनं टोळीला इतका त्रास दिला की शत्रूवरही ती वेळ येऊ नये, पण कुणी उलट बोललं नाही.

अकराव्या दिवशी टोळी बाबूलालशेठच्या शेवटच्या बांधीत होती. शेठ स्वतः धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होता. सानगडीत त्याचं कापडाचं दुकान आणि इकडे वीस एकर धान, दोन्हीकडे तो उभाच असतो. तेवढ्यात दुरून स्कूटी दिसली. ती नेहमीसारखी थांबायच्या जागेच्या पुढे जाऊन थांबली, आणि दामिनी हातात कागद घेऊन धुऱ्यावरून पळत आली. ओळ थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ओळ अर्ध्यात थांबली.

"कॅन्सर नाही!" ती लांबूनच ओरडली. "काकी, नाही! त्याच्या आधीची पायरी आहे! वाढत गेलं असतं तर झालं असतं, पण आता डॉक्टर तो चट्टा काढून टाकणार, अन् तुम्ही दर तीन महिन्यानं दाखवायचं, अन् खर्रा जन्मात नाही!"

चंद्रभागाबाईनं हातातली पऱ्ह्याची पेंढी वर फेकली. ती सत्यभामाबाईच्या डोक्यावर पडली. कुणी कुणाला मिठी मारली याचा पत्ता राहिला नाही, रोवलेलं अर्धं धान पायाखाली गेलं, आणि बाबूलालशेठ छत्री हलवत ओरडायला लागला, "अवो बायाहो, माही बांधी! माही बांधी!"

चंद्रभागाबाई त्याच्याकडे वळली. अंगभर चिखल, डोळे लाल.

"शेठ," ती म्हणाली, "दिवाळीत म्या तुमाले एक गोष्ट सांगतली होती. थे परत घेऊन राहिली."

"कोणती?"

"आखाडीच्या रोवण्याचा गुत्ता यंदा सत्यभामाले द्यायचा, असं बोलली होती मी."

सत्यभामाबाईच्या डोक्यावर अजून पऱ्हे होते. "मले?" ती म्हणाली. "मले कायले? तू कुठं जाऊन राहिली होती आखाडीत?"

चंद्रभागाबाई वाकून सांडलेले पऱ्हे वेचायला लागली. आणि मग सत्यभामाबाईला कळलं. दिवाळीत, पणत्या लावता लावता, लाडू वळता वळता, ही बाई आपण आषाढ पाहणार नाही असं धरून बसली होती, आणि टोळी उघड्यावर पडू नये म्हणून मागची सोय लावून आली होती. कुणाला न सांगता. सत्यभामाबाईनं तिला चिखलाच्या हातानं एक सणसणीत धपाटा घातला आणि मग तिच्या गळ्यात पडली.

"घे तुहा गुत्ता," ती हुंदके देत म्हणाली. "मले नाही पाहिजे. घे."

"हाव," चंद्रभागाबाई म्हणाली. "आखाडीत मीच येईन, शेठ. लिहून ठेवा."

"बरं बाई," बाबूलालशेठ म्हणाला, "पण आधी ही ओळ पुरी करा."